आईचं विल

आई कुठलाही इंग्रजी कागद आधी माझ्याकडून वाचून घेते. त्या दिवशी मात्र वकिलाकडून आणलेला कागद तिनं मला न दाखवताच कपाटात ठेवला, तिथंच मला खटकलं.

टंचाईचं वर्ष होतं. तरी गारखेड्यात नव्या इमारती उठत होत्या, आणि आई शेजारच्या शमीमखालांसोबत तिथल्या मजुरांसाठी खानावळ काढणार होती. त्याच भागीदारीचा कागद असेल म्हणून आई बाहेर गेल्यावर मी तो उघडला. पहिल्याच पानावर मथळ्यातल्या एकाच शब्दावर नजर अडकली, ‘विल’! खाली लिहिलं होतं, भागीदाराचा मृत्यू झाल्यास हिस्सा वारसाला मिळेल. वारस म्हणून माझं नाव! आणि गेल्याच आठवड्यात आई रक्त तपासून आली होती. विचारलं तर म्हणाली होती, “काय नाय गं.”

 आईला पाच वेळा फोन लावला, उचलेना. खालांना लावला, त्याही उचलेनात. सहाव्यांदा आईनं उचलला. मागं हंड्यांचा खणखणाट चाललेला.

“आई, तू विल केलंस? रक्त कशाला तपासलंस?” मी रडतच विचारलं.

“व्हय, खालांनी पण केलं. वकील म्हणले, विलवाली भागीदारी करा. विल म्हंजे मर्जी गं! पटलं नाय की नोटीस द्यायची अन् मोकळं व्हायचं. त्यात मरणाबिरणाचं लिहिलंय, तू लगेच घाबरशील म्हणून दाखवलं नाय. अन् रक्त तपासलं ते खानावळीच्या परवान्यासाठी.”

मागून खाला ओरडल्या, “बच्ची को बोल, अभी मरने को टैम नै, टँकर आया है!”