ढगातली बाई

(दुपार. पडदे ओढलेली बैठकीची खोली. टीव्हीवरचा सिनेमा नुकताच संपला आहे. मावशी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आहे, भाची खाली गालिच्यावर.)

भाची : थांब, बंद नको करूस. तो एवढा तुकडा परत बघू. इथं. आईचा जबडा बघ.

मावशी : घरी आलीस तरी तुझं दातांचंच दुकान चालू.

भाची : अगं, चेष्टा नाही करत. रोज माणसं माझ्यासमोर तोंड उघडून बसतात, घाबरलेला जबडा मला कळतो. पहिल्या सिनेमात, त्या काळ्यापांढऱ्यात, ती किती मजेत आहे. ढगावर उभी राहून हात हलवते, जणू ओळखीचं कुणी दिसलंय. त्या हसण्यानंच तर लोकांची झोप उडाली होती. आणि या रंगीत सिनेमात दात घट्ट आवळलेत. हात हलवतेय खरी, पण नजर प्रत्येक खिडकीत जातेय. काहीतरी शोधतेय.

मावशी : शोधतच होती.

भाची : उद्या आईच्या आठवणीच्या कार्यक्रमात दोन्ही सिनेमे दाखवून झाले की मला मंचावर बोलवणार आहेत. आईविषयी चार शब्द. मी ठरवलं होतं, सांगून टाकायचं की तिला हा दुसरा सिनेमा करायचाच नव्हता, गळ्यात मारला.

मावशी : गळ्यात कुणी मारला नाही. आधी दोनदा नाही म्हणाली, हे खरं. मग स्वतः फोन करून हो म्हणाली. तुला ती गुरुवारची बाई आठवते?

भाची : छत्रीवाली? न आठवून कसं चालेल? ती आली की माझी रवानगी शेजारी. आईला तिच्यासाठी वेळ असायचा, माझ्या गणितासाठी नाही. मला तिचा राग यायचा.

मावशी : तुझ्या बाबांनाही यायचा. ‘गाडलेली मढी उकरत बसता दोघी’ म्हणायचे. पण मढं गाडायला तरी कुठं मिळालं होतं तिला? नवरा जमिनी मोजायचा. कामासाठी विमानानं निघाला. विमान ढगात शिरलं आणि पलीकडून बाहेर आलंच नाही. ना माणूस, ना चप्पल. पुढं टीव्हीवर ताईचा सिनेमा लागला. तुला गोष्ट माहीतच आहे.

भाची : शाळेत मला ऐकवून ऐकवून पाठ करून घेतली होती पोरांनी. ढगात बाई दिसते, हात हलवते. जो प्रवासी उलट हात हलवतो, तो काही उतरत नाही. विमान उतरतं, त्याची खुर्ची रिकामी.

मावशी : हं. तर सिनेमा लागल्यावर थोड्याच दिवसांत ही बाई दारात. दार मीच उघडलं. मला वाटलं, सही घ्यायला आली असेल. तेव्हा यायचे लोक. तर ही आत आली, छत्री कोपऱ्यात उभी केली आणि ताईला म्हणाली, ‘तुम्ही तिथं होता. आमच्या यांनी हात हलवला का, एवढंच सांगा.’

भाची : बापरे. मग आईनं समजावलं ना तिला?

मावशी : मी समजावायला लागले. म्हटलं, अहो, तो ढग म्हणजे गादीतला कापूस, आणि धूर सोडायला एक माणूस मागं पालथा पडलेला असतो. माझाच मेला हात भाजला होता त्या धुराच्या नळीनं. तर ताईनं मला डोळ्यांनी गप्प केलं. त्या बाईला बसायला खुर्ची दिली. मग म्हणाली, ‘नाही हलवला. ते झोपले होते. काचेला डोकं टेकून.’

भाची : अशी थाप मारली?

मावशी : थाप म्हण. पण अशी लागू पडली म्हणतेस! बाईचा चेहराच उतरला… उतरला म्हणजे सैल पडला, दोर सोडल्यासारखा. म्हणाली, ‘हो, ते बसले की झोपायचेच. बसमध्येसुद्धा.’ आणि चहा मागितला. तिथून तिचे गुरुवार सुरू झाले. यायची, इकडचं तिकडचं बोलायची, आणि निघताना दारात विचारायची, झोपलेत ना अजून? ताई सांगायची, झोपलेत. बास. तेवढ्यावर तिचा आठवडा निघायचा.

भाची : आणि आईचा?

मावशी : ताईचं मात्र अवघड झालं होतं. सुटायचं कसं, कळेना. मला म्हणायची, ‘सांगता सांगता मला खरंच दिसायला लागलेत गं ते. कानामागे पांढरे केस आहेत.’ म्हणून तर दुसऱ्या सिनेमाला नाही म्हणत होती. पुन्हा त्या ढगावर पाय ठेवायची तिची हिंमत नव्हती.

भाची : मग फोन का केला?

मावशी : एका गुरुवारी बाई आली ती नवं पातळ नेसून… केसही नीट बांधलेले. चहा घेतला नाही. बशीची कड पुसत बसली. मग सांगितलं, की एका गृहस्थांनी विचारलंय. शाळेत शिकवतात, बायको गेलेली, स्वभावानं गरीब. आणि म्हणाली, ‘पण आमच्या यांना विचारल्याशिवाय कसं हो म्हणू? तुम्ही विचाराल का?’

भाची : आईनं तिथंच हो म्हणून टाकायचं. एका शब्दाचं काम होतं.

मावशी : मीही तेच म्हटलं. एक हो म्हणायला काय जीभ झिजणार होती तिची? पण ताई बाईला म्हणाली, ‘विचारून सांगते.’ आणि बाई जिना उतरते न उतरते तोच दिग्दर्शकाला फोन.

भाची : तू होतीस त्या दिवशी शूटिंगला?

मावशी : होते म्हणजे, विमानातच होते. प्रवासी कमी पडले, तर चष्मेवाल्या दिग्दर्शकानं मला धरून खिडकीशी बसवलं. अर्धंच विमान होतं ते, पलीकडची बाजू उघडी. पण दिवे मालवले, धूर आला, आणि खरं सांगू, थोड्या वेळानं मला कानात दडे बसल्यासारखं झालं. सगळं पांढरं. आवाज नाही. आणि त्या पांढऱ्यातून ताई पुढं आली. एकेका खिडकीत बघत येत होती. माझ्याही खिडकीत बघितलं.

भाची : मग?

मावशी : ओळखलं नाही मला. सख्ख्या बहिणीला. मला वाटलं, मी आहे की नाही इथं? तिची नजर माझ्यावरून गेली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर थांबली. ती खुर्ची रिकामी होती. तिथं बसायचा तो माणूस आलाच नव्हता, आजारी पडला होता म्हणे. तुझा तो जबड्याचा तुकडा तिथलाच. दिग्दर्शक ‘कट’ म्हणाला तरी ती बघतच होती.

भाची : तिला काही दिसलं का तिथं?

मावशी : मी विचारलं नाही. घरी येताना सगळी वाट ती माझा दंड धरून चालली. एवढंच.

भाची : आणि गुरुवारी?

मावशी : गुरुवारी मी मुद्दाम थांबले. बाई आली, उभीच राहिली. ताई म्हणाली, ‘मी गेले होते. त्यांची खुर्ची रिकामी आहे. उतरले ते.’ बाईनं हातातली छत्री कोपऱ्यात टेकवली. विचारलं, ‘रागात होते?’ ताई म्हणाली, ‘नाही हो. झोप पूर्ण झालेल्या माणसासारखे.’

भाची : मग ती बाई?

मावशी : पुन्हा आली नाही ती. लग्न केलं, दूर गावी गेली. ताईनंही पुढं ढगातली बाई केली नाही. गुरुवारी दुपारी मग तुझं गणित घ्यायला लागली. आठवत असेल.

भाची : आठवतं. मला वाटायचं, बाबा रागावले म्हणून घेते. मावशी, यातलं उद्या काय सांगू मी?

मावशी : यातलं काही नको. त्या बाईचं आहे ते. तू सांग, तुझ्या आईला उंचीची भीती वाटायची. लोकांना गंमत वाटेल.

भाची : खरंच वाटायची?

मावशी : स्टुलावर चढायची नाही गं. पडदे काढायचे झाले की मला बोलावणं. पहिल्या वेळी तो कापूस जमिनीवरच अंथरला होता, म्हणून तर हसत होती. या दुसऱ्या वेळी विमान आणि ढग दोन्ही फळ्यांवर उभे केले होते, पार छताजवळ. शिडीनं जावं लागायचं. प्रत्येक पायरीला थांबून दोन्ही हातांनी शिडी धरत होती, माझी पाळी तिच्यानंतर, मी खालून बघत होते.

भाची : तरी चढली?

मावशी : विचारून सांगते म्हणाली होती ना.