प्रिझमच्या टेबलावर पाणी

(सह्याद्रीच्या उतारावरचं हौशीरामचं भातखाचर. पडकईचं, म्हणजे गावानं मिळून पाळीपाळीनं एकमेकांची खाचरं काढायचं काम दुपारच्या भाकरीसाठी थांबलं आहे. आंब्याखाली सावळेरामची मुलगी जया आणि तिचा थोरला भाऊ गोकुळ.)

जया : म्हणजे खरंच ओतलंस? परीक्षेत? टेबलावर?

गोकुळ : हळू बोल. बा तिकडं बसलाय.

जया : तो हौशीरामकाकाशी बोलतोय. सांग तू. किती ओतलंस?

गोकुळ : आधी झाकणभर. अंदाज येईना, म्हणून अर्धी बाटली.

जया : पण का?

गोकुळ : स्पेक्ट्रोमीटर म्हणून यंत्र असतं. त्यात मधोमध बशीएवढं टेबल. त्यावर काचेचा प्रिझम ठेवायचा. पण आधी टेबल सपाट लागतं. खाली तीन स्क्रू असतात, ते फिरवून करायचं.

जया : सपाट झालं हे कळतं कशावरून?

गोकुळ : लेव्हल असते. गवंड्याकडं असते ना बुडबुड्याची, तशीच. बारकी.

जया : मग ती घ्यायची.

गोकुळ : ती मॅडमच्या टेबलावर होती. मॅडम बाहेरून आलेल्या, परीक्षा घ्यायला. मागायची तर इंग्रजीत. मी मनात वाक्य जुळवायला बसलो. वीस मिनिटांत जुळलं.

जया : मग?

गोकुळ : मॅडम चहाला गेल्या होत्या.

जया : अरे देवा! उठून उचलून आणायची की.

गोकुळ : न विचारता? मला वाटलं, खाचर सपाट आहे का, हे आपण कशावर बघतो? पाण्यावर. पिढ्यान्‌पिढ्या बघतो. फिजिक्स म्हणजे तरी दुसरं काय!

जया : शाब्बास.

गोकुळ : पाणी टेबलावरून खाली आणि खालून दिव्याच्या पेटीत. फट्! आमची सगळी रांग अंधारात. सहा पोरांचे प्रयोग थांबले. मॅडम परत आल्या तेव्हा मी बाटली धरून उभा.

जया : काय म्हणाल्या?

गोकुळ : ‘व्हॉट इज धिस?’ मी म्हणालो, ‘वॉटर, मॅडम.’ दोन सेमिस्टरमध्ये तेवढं एकच उत्तर बिनचूक आलं.

जया : हसू की रडू, कळेना मला. आणि इथं एसटीच्या थांब्यावर गावानं लावलेला तुझ्या फोटोचा बोर्ड. ‘भावी शास्त्रज्ञ.’

गोकुळ : त्या फोटोतला पांढरा कोट घोडेगावच्या अरिहंतशेठच्या मेडिकलमधला आहे. खिशावर त्यांचं नाव होतं, ते फोटोवाल्यानं पुसलं.

जया : आणि शेजारच्या भागूआजीनं तुला दुरुस्तीला दिलेला मिक्सर?

गोकुळ : आधी चालू होत नव्हता. मी उघडला. आता बंद होत नाही.

जया : मग पुढं काय ठरलं? नापास का?

गोकुळ : सोमवारी परत घेणार आहेत. एकच संधी. नाही दिली, तर वर्ष गेलं, होस्टेलची खोलीही गेली.

जया : म्हणजे उद्या निघायला पाहिजे.

गोकुळ : मी जात नाही.

जया : काय?

गोकुळ : जया, ते विद्यापीठ केवढं आहे, तुला माहीत नाही. पहिल्या दिवशी फिजिक्सचा वर्ग समजून मी जर्मन भाषेच्या वर्गात तासभर बसलो. तिथलं जास्त कळलं. आणि उद्यापासून पडकई आपल्या खाचरात. आपणच घरातलं माणूस दिलं नाही, तर लोक का येतील?

जया : मी काय बुजगावणं आहे?

गोकुळ : तसं नाही गं...

जया : तसंच. पडकईच्या आड लपतोयस. बा! ए बा! इकडं ये जरा.

गोकुळ : जये, गप!

सावळेराम : काय गं, वरडतीस कशापायी?

जया : दादाची सोमवारी परीक्षा आहे. आणि तो जाणार नाही म्हणतो.

सावळेराम : कसली परीक्षा? तू तर म्हनलास, सुटी हाय.

गोकुळ : सुटी नाही, बा. मी नापास झालो. टेबल सपाट आहे का बघायला पाणी ओतलं, सगळे दिवे गेले.

सावळेराम : पानी वतलं?

गोकुळ : हो.

सावळेराम : कुनीकडं गेलं?

गोकुळ : काय?

सावळेराम : पानी रं. कुठल्या अंगाला गेलं?

गोकुळ : खिडकीकडं.

सावळेराम : मंग खिडकीकडं उतार व्हता.

गोकुळ : व्हता.

सावळेराम : मंग तो स्क्रू का काय, फिरवलास का?

गोकुळ : वेळ कुठं मिळाला!

सावळेराम : म्हंजी उतार कळला, काम ऱ्हायलं. आपलं वरलं खाचर मी पयल्यांदा काढलं, तवा उतार उलटा धरला. समदं पानी बांध फोडून हौशीरामाच्या खाचरात. त्याला त्या साली लई भात झाला. वर मला पेढा आनून दिला, भाड्यानं!

जया : मग तू काय केलंस?

सावळेराम : पेढा खाल्ला. अन् दुसऱ्या साली परत पडकई बोलावली. त्याच मानसांना. घरोघर जाऊन सांगताना लई लाज वाटली.

गोकुळ : आले?

सावळेराम : हौशीराम समद्यांच्या आधी. पेढ्याचं त्यालाबी लागलं व्हतं. सकाळी सहाची गाडी हाय, कापडं भरून ठेव.

गोकुळ : आणि पडकई?

सावळेराम : जया हाय की. ती काय लेचीपेची न्हाई.

जया : माझे चार दिवस भातलावणीत फेडायचे. मोजून घेईन.

गोकुळ : फेडीन. पण ती लेव्हल परत मागावी लागणार. वाक्य अजून नीट...

जया : मराठीत माग.

गोकुळ : आणि मॅडमना कळलं नाही तर?

सावळेराम : बोट दाव. हितं समद्यांना कळतं.

गोकुळ : बरं. जातो.

जया : दादा.

गोकुळ : आता काय?

जया : बाटली इथंच ठेवून जा.