वरचे पाच टक्के

(सळयांच्या यार्डातलं पत्र्याचं ऑफिस. दुपार. बाबा ठेकेदार; लेक त्यांच्याकडेच लोखंडाचा हिशेब करते.)

बाबा: पुन्हा सांग. नीट कळू दे मला, आपलं टेंडर इतकं खाली कसं आलं ते.

लेक: परवापासून सांगतेय. आता काय उपयोग? पाकीट गेलं, आत्ता तिकडे फुटतसुद्धा असेल. मामा येईलच.

बाबा: तुझा मामा गेलाय हीच तर काळजी. मागच्या खेपेला हरलो, तर ते सांगण्याआधी तिथल्या पंख्यांचं वर्णन करत बसला.

लेक: बरं, ऐका. घरात भाजीत मीठ कोण घालतं?

बाबा: आता मधेच भाजी कुठून आली?

लेक: सांगा तर.

बाबा: तुझी आई.

लेक: मग मला वाटतं ती विसरली, म्हणून मीही घालते. मग तुम्ही येता, झाकण उघडता, आणि कुणाला न सांगता चिमूटभर टाकून जाता. जेवायला बसलो की सगळे एकमेकांची तोंडं बघतात.

बाबा: एकदाच झालं होतं तसं.

लेक: घरात एकदा. टेंडरमध्ये दरवेळी! मामा सळयांचा हिशेब देतो तेव्हा कापाकापीत वाया जाईल म्हणून पाच टक्के वर धरतो. सांगत नाही कुणाला. तो कागद माझ्याकडे येतो, मी वाया जाण्याचे पाच धरते. आणि शेवटी पाकीट बंद करताना तुम्ही पेन उचलता, आणि लोखंडावर आणखी पाच चढवता.

बाबा: असू दे म्हणून. लोखंड कमी पडलं आणि भर कामात स्लॅब थांबला, तर कुणाचं तोंड बघायचं?

लेक: म्हणून एकच सळई तीनदा वाया जाते. तीही नुसती कागदावर.

बाबा: तुझे आजोबा म्हणायचे, ठेकेदारानं थोडं पदराला बांधूनच घराबाहेर पडावं.

लेक: थोडं बांधा हो, बोचकं कशाला? मी म्हटलं होतं, यार्डाच्या मागे जाऊन तुकड्यांचा ढीग बघा. गेलात?

बाबा: तेवढंच काम उरलंय मला.

लेक: एवढं लोखंड वाया जातं, तर ते पडलेलं दिसायला हवं ना? मामा वीतभर तुकडा सोडत नाही. बारीक सळई उरली की खांबाच्या रिंगा वाकवतो, जाड उरली की जाळीखाली टेकू लावतो. हाताचा इतका कंजूष आणि कागदावर उधळ्या! या वेळी मी त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसले. कुठल्या सळईतून कुठले तुकडे निघतील ते आधी ठरवलं, मग वजन काढलं.

बाबा: आणि छपराचं काय? शाळेचा हॉल आहे. वर छप्पर पेलणाऱ्या तिकोनी लोखंडी कैच्या आहेत, नुसत्या सळया नाहीत.

लेक: तिथं मी वाढवलंय.

बाबा: वाढवलंयस?

लेक: कैच्यांच्या सांध्यांच्या पट्ट्या आणि बोल्ट आपण आजवर अंदाजानं धरत होतो, आणि कमी धरत होतो. या वेळी ड्रॉइंगवर बोट ठेवून एकेक मोजली. स्वस्त दाखवायला बसले नव्हते मी, बाबा. खरं आहे तेवढंच लिहिलं.

बाबा: खरं लिहून हरलो, तर संध्याकाळी तो मोठ्या कंपनीचा माणूस यार्ड विकत घ्यायचे कागद घेऊन येतोय. यार्ड त्यांचं, फाटक त्यांचं. मी त्यांना माणसं पुरवायची. माझ्याच फाटकातून विचारून आत यायचं.

लेक: माहितीये. म्हणून तर विचारते. पाकीट तुम्ही एकट्यानं बंद केलंत. पेन उचललंत का?

बाबा: जरा पाणी दे.

लेक: बाबा!

बाबा: घसा कोरडा पडलाय गं.

लेक: उचललंत. वाटलंच होतं मला! मग ऐकून तरी कशाला घेतलंत? आता हरलो तर तुमच्या त्या पाच टक्क्यांनी हरणार. घ्या पाणी.

बाबा: ते बघ, आला तुझा मामा. चालण्यावरून काही कळतंय का?

लेक: तो नेहमीच असा डुलत चालतो.

मामा: दाजी! पाकिटं फोडायला काय हॉल होता म्हणून सांगू! खुर्च्यांना गाद्या, भिंतीला घड्याळ, आणि पंखे तर...

बाबा: मेव्हणे, पंखा काढून डोक्यात घालीन.

मामा: अहो, दम तर खाऊ द्या. फोन बाहेर ठेवायला लावले त्यांनी, नाहीतर तिथूनच कळवलं असतं. एकेक पाकीट फोडत होते. त्या मोठ्या कंपनीचं वाचलं, तर त्यांचा टायवाला मागं रेलून बसला, जावई आल्यासारखा. आपलं अगदी शेवटी. कारकुनानं वाचलं, तर साहेब म्हणाला, पुन्हा वाचा.

बाबा: का? काही चुकलं?

मामा: सगळ्यात कमी होतं म्हणून! दाजी, काम आपलं! टायवाला ताठ बसला की हो!

लेक: मामा! खरं सांग, घे माझी शपथ!

मामा: तुझी शपथ, भाचीबाई.

बाबा: थांबा. कुणी नाचू नका. किती कमी?

मामा: आता कमी म्हणजे कमीच की.

बाबा: तसं नसतं. फारच खाली गेलो असलो तर जिंकलो नाही, बुडालो. एखादी अख्खी कैची मोजायची राहिली असेल. दुसरा कोण? त्याच्यात आपल्यात अंतर किती?

मामा: दुसरी ती मोठी कंपनीच. अंतर म्हणाल तर एक ट्रक सळईची किंमत. तोही पुरता भरलेला नाही.

बाबा: एवढंच?

मामा: एवढंच.

बाबा: म्हणजे त्यांचा आणि हिचा हिशेब जवळपास एकच निघाला. त्यांच्याकडे मजला भरून माणसं आहेत मोजायला.

मामा: आपल्याकडे ही आहे. आणि मी आहे, विसरू नका. तुकडे कुणी वाचवले?

लेक: आणि वर गुपचूप पाच टक्के कुणी लावले?

मामा: प्रेमानं लावले गं! लोखंड कमी पडून दाजींची मान खाली गेली असती तर? बरं, जरा बाहेर ऐका. माझ्या हाताखालच्या पोरांना फाटकातच सांगून आलो, शिट्ट्या मारतायत नुसत्या.

लेक: एक मिनिट. मामा, आपली बेरीज काय वाचली?

मामा: ही बघ, तळहातावर लिहून आणलीय. घामानं शेवट थोडा पुसलाय.

लेक: हात उजेडात धर. अरे... बाबा, ही माझीच बेरीज आहे. जशीच्या तशी.

बाबा: मग आणखी कुणाची असणार?

लेक: तुम्ही पेन उचललंच नाहीत!

बाबा: उचललं होतं की. बराच वेळ हातात होतं. मग मागे गेलो, तो ढीग बघायला.

लेक: आणि?

बाबा: ढीग कुठला? गवत उगवलंय तिथं. टोपण लावलं आणि पाकीट चिकटवलं.

लेक: मग मघाशी सांगितलं का नाहीत? किती बोलले मी तुम्हाला! आता रडू येतंय मला.

बाबा: हरलो असतो तर तू जन्मभर म्हणाली असतीस, माझ्या आकड्यानं बाबांचं यार्ड गेलं. म्हटलं, दोष माझ्या पेनावर राहू दे. त्याला सवय आहे.

लेक: बाबा...

बाबा: रड, रड. आज परवानगी आहे. छाती भरून आलीय माझीही, पण मेव्हण्यांसमोर नको.

मामा: मी काही बघत नाहीये. मी खिडकीबाहेर बघतोय. दाजी, फाटकाशी गाडी थांबलीय. तो कागदवाला दिसतोय. लवकरच आला म्हणायचा.

बाबा: आलाय तर चहा पाजा त्याला. पण गाडी बाहेरच लाव म्हणावं. आत आपली सळई उतरायची आहे.