फॉर्मवरची मातृभाषा

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, इस्लामपूरपासून आत सात-आठ किलोमीटर. गावाचं नाव नका लिहू, तिथं माझी आई राहते आणि तिला असलं काही छापून आलेलं आवडायचं नाही. वडील एसटीत मेकॅनिक होते, आई घर बघायची, दोन म्हशी बघायची, मला नि भावाला बघायची, शाळा म्हणाल तर चौथी. मी बारावी सायन्स केलं, मग डी.एम.एल.टी. केलं आणि सांगलीत एका दवाखान्याच्या लॅबमध्ये लागले. रक्त काढायचं, तपासायचं, रिपोर्ट लिहायचे. माझा हात हलका होता, लहान पोरं माझ्याकडं रडायची नाहीत, हे फुशारकीनं सांगत नाही, तिथले डॉक्टरच म्हणायचे की त्या बाळाला वैशालीकडं पाठवा. हे आधी सांगून टाकते, कारण इथं सिंगापुरात इतक्या वर्षांत मला एकानं विचारलं नाही की बाई, तुम्ही आधी काय करत होता.

लग्न झालं पुण्याच्या शैलेशशी. तो तेव्हाच इथं होता, बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम, ऑफिस चांगी बिझनेस पार्कला. दोन महिन्यांनी मी आले ती डिपेंडंट पासवर. डिपेंडंट म्हणजे काय ते कार्डावरच छापलेलं असतं, दुसऱ्याच्या जिवावर राहणारी. नोकरी करायची तर आपला वेगळा पास लागतो आणि सांगलीच्या डिप्लोमाला तो कोण देतंय. अर्ज केले, केले, मग इरा झाली, मग बंद केले. तेव्हापासून मी सेंगकांगला बाराव्या मजल्यावर आहे. खालनं ती दोन डब्यांची एलआरटी रेल्वे जाते, खेळण्यातली असावी तशी, आणि मी कपडे वाळत घालते. देश वाईट नाही हां, रस्ते स्वच्छ, बाईमाणूस कुठंही एकटं जाऊ शकतं, मी नाव ठेवत नाही. पण मला राग येतो आणि तो कशाचा येतो तेच सांगायला बसलेय, तर मला मधे अडवू नका.

इराला पहिलीत सरकारी शाळा मिळाली तेव्हा आम्ही दोघं फॉर्म भरायला गेलो. त्यात एक रकाना, मदर टंग. म्हणजे मातृभाषा, बरोबर ना. आता माझ्या पोरीची आई मी. मी मराठी. मी म्हणलं मराठी लिहा. काउंटरवरची बाई चांगली होती, हसरी होती, ती म्हणाली, मराठी डोन्ट हॅव, हिंदी कॅन? मी शैलेशकडं बघितलं. शैलेशनं पेन घेतलं नि हिंदी लिहून टाकलं. बाहेर आल्यावर मी म्हणलं, अरे पण आपली नाही ना ती भाषा. तर म्हणाला, लिपी तीच आहे, अर्धे शब्द तेच आहेत, एवढं काय त्यात, तामिळ घ्यायला लागलं असतं तर काय केलं असतंस. मी गप्प बसले. बाईनं गप्प बसलं की घर शांत राहतं असं मला वाटायचं तेव्हा. आता मला त्या गप्प बसण्याचीच चीड येते.

तिसरीत इरानं हिंदीच्या निबंधात पाणी लिहिलं, आपलं पाणी, बाणातल्या णचं. त्याला लाल गोल. आणखी पाच-सहा गोल. तिला हिंदीची शिकवणी लावली होती, त्या मॅडम म्हणाल्या, घरात मराठी बोलता का, म्हणून गोंधळ होतोय, सहावीच्या मोठ्या परीक्षेपर्यंत तरी घरात हिंदीच ठेवा. त्या परीक्षेवर इथं पुढची शाळा ठरते, त्यामुळं सहावी म्हणजे घराघरात सुतक असल्यासारखं असतं. शैलेशनं त्या दिवसापासून नियम केला. घरात हिंदी नाहीतर इंग्लिश. आणि मी, अहो मी तो पाळला. माझी हिंदी सिनेमातली. ताप आलेल्या पोरीला कुशीत घेऊन मी विचारत होते, सर दुख रहा है क्या बेटा, जशी काही मी दूरदर्शनवरची बाई आणि ती दुसऱ्याच कुणाची पोर. ती मला म्हणायची, ममा, कॅन यू जस्ट से इट इन इंग्लिश? तिलासुद्धा ते खोटं वाटत असणार.

सहावीच्या वर्षी एप्रिलमध्ये माझी आई आली. वडील आदल्या वर्षी गेले होते, एकटी पडली होती, भाऊ म्हणाला ने तिला जरा. पहिल्यांदा विमानात बसली, तीन तास आधी येऊन विमानतळावर बसून होती. इथं आली नि आठ दिवसांत तिनं समोरच्या आंटीशी मैत्री केली. ती आंटी चिनी, सत्तरीची, दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण कॉरिडॉरमध्ये खुर्च्या टाकून तासतासभर बसायच्या, एक शेंगा सोलायची, एक कसल्यातरी पालेभाजीचे देठ काढायची. आणि घरात सख्खी नात. आई तिच्याशी बोलायची, ती येस आजी, नो आजी, ओके आजी. एकदा आई मला म्हणाली, पोरगी गोड हाय गं तुझी, पण टीव्हीसारखी हाय, ती बोलतीया ते मला ऐकू येतंय, मी बोलतीया ते तिला जात न्हाई. मी हसले. हसण्यासारखं होतं का ते, तुम्हीच सांगा.

तो मंगळवार होता. इरा शाळेतून आली, जेवली, साडेतीनला तिची ऑनलाइन हिंदीची शिकवणी. आईला भाकरी पाहिजे होती, म्हणून मी ज्वारीचं पीठ आणायला लिटल इंडियाला निघाले. सरळ एमआरटीची मेट्रो आहे, दीड तासात परत येते म्हणलं. आई सोफ्यावर बसली होती, बरी होती. मी गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी तिच्या डाव्या खांद्यातनं नि पाठीतनं दुखायला लागलं. ती उठून इराच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि म्हणाली, बाळा, कळ येतीया गं. इरानं एका कानातला इअरफोन काढला, ऐकलं आणि म्हणाली, ओके आजी. आईला वाटलं, पोरीनं ऐकलं, आता ती मला फोन करणार. ती परत सोफ्यावर जाऊन बसली, वाट बघत. आणि इराला वाटलं, कल. हिंदीतलं कल, उद्या. दुसऱ्या दिवशी भावाचा व्हिडिओ कॉल यायचा होता, म्हणून तिला वाटलं आजी सांगतेय उद्या मामाचा फोन येतोय. तिनं इअरफोन परत घातला नि धडा वाचायला लागली. एक जण इकडं बसलीय, एक जण तिकडं. मधे एक भिंत. तासभर.

मी दार उघडलं तर आई राखेसारखी झाली होती. घामानं चोळी भिजलेली, ओठ पांढरे. मला म्हणाली, आलीस व्हय, पोरीनं फोन केला न्हवं तुला, लवकर आलीस. अहो, मी दवाखान्यात काम केलेली बाई, एका नजरेत मला समजलं काय आहे ते. ॲम्ब्युलन्स बोलावली, ती आली बाई पटकन, दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्यातला पोरगा विचारायला लागला, पेन स्टार्ट व्हॉट टाइम? मी आईकडं बघतेय, आईला बोलवत नाही. इरा दारात उभी होती, पांढरीफटक, ती म्हणाली, आजी सेड कल. आय थॉट टुमॉरो. ममा, आय थॉट शी मीन टुमॉरो.

तेव्हा मला समजलं काय झालं ते.

दवाखान्यात तार घातली, स्टेंट बसवले, जीव वाचला. डॉक्टरीण म्हणाली, तासभर आधी आणलं असतं तर हृदयाचा एवढा भाग गेला नसता. शांतपणे म्हणाली, तिचा काय दोष. शैलेश ऑफिसातून तसाच आला होता, गळ्यात ते ऑफिसचं कार्ड. सगळं ऐकून घेतलं नि इराकडं वळून म्हणाला, बारा वर्षांची घोडी झालीस, आजी समोर येऊन सांगतेय आणि तुला एवढं समजू नये? आधीच ती पोर खुर्चीत गोळा होऊन बसली होती. मी आयुष्यात कधी चारचौघांत आवाज चढवला नव्हता, त्या कॉरिडॉरमध्ये चढवला. म्हणलं, खबरदार तिला बोललास तर. तिला समजू नये याची व्यवस्था तू केलीस आणि मी केली, तीन वर्षं, रोज, मन लावून केली. तिनं आपण सांगितलं तेच केलंय. ती हिंदीचा अभ्यास करत होती. नर्स येऊन म्हणाली, मॅडम, प्लीज. शैलेशनं गळ्यातलं कार्ड काढून खिशात घातलं. त्याला वाईट वाटलं नसेल असं मी म्हणत नाही, पण माफी त्यानं पोरीकडं मागितली नाही, अजून मागितलेली नाही.

तिसऱ्या दिवशी आईला नीट बोलता यायला लागलं. मी तिच्या उशाशी बसले होते. मला वाटलं ही आता विचारेल की पोरीनं फोन का केला नाही. तर काय म्हणाली असेल. म्हणाली, वैशे, माझंच चुकलं गं, मी हिंदीत सांगाय पायजे हुतं. थोडं येतंय की मला, दर्द हाय म्हणाय पायजे हुतं. मी बाहेर आले आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. बाहत्तर वर्षांची बाई, स्वतःच्या लेकीच्या घरात, जीव जात असताना आपल्या भाषेत बोलली म्हणून माफी मागतेय. ह्याच्यापेक्षा तिनं मला दोन मुस्कटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

समोरची आंटी रोज संध्याकाळी दवाखान्यात डब्यातून तांदळाची पेज घेऊन यायची. तिला मी झालेलं सांगितलं, मोडक्या इंग्लिशमध्ये, तिचीही मोडकीच. तिनं पेज वाटीत ओतली. मग म्हणाली, माझं घर टिओच्यू बोलणारं, ती आमची जुनी चिनी बोली, माझा नातू मँडरिन नि इंग्लिश शिकला, टिओच्यू त्याला येत नाही, सेम लाइक यू. मी विचारलं, मग तुम्ही काय बोलता त्याच्याशी? तर म्हणाली, ईट ऑलरेडी? एवढंच विचारते, जेवलास का. तो म्हणतो, ईट ऑलरेडी. फिनिश. असं म्हणून तिनं डब्याचं झाकण लावलं. मला आईचा राग नाही, इराचा नाही, पण त्या फिनिशचा फार राग आला.

घरी आल्यावर मी शैलेशला बसवलं आणि सांगितलं, आजपासून ह्या घरात मी पोरीशी मराठीत बोलणार. तो म्हणाला, परीक्षेला पाच महिने राहिलेत वैशाली, असा वेडेपणा करू नकोस, एका विषयानं शाळा बदलते. म्हणलं बदलू दे. तो म्हणाला, पोरीच्या भवितव्याशी खेळतेस. म्हणलं, खेळून झालंय आपलं आधीच. दोन महिने आम्ही कामापुरतं बोलत होतो. शिकवणीच्या मॅडमना मी फोन करून शिकवणी बंद केली, त्या म्हणाल्या, आप पछताएँगी. असेल.

इराला हिंदीत कमी मार्क पडले. पाहिजे होती ती शाळा नाही मिळाली, आता जाते ती बसनं पाऊण तास लांब आहे, तिसऱ्या पसंतीची. शैलेशनं निकालाच्या दिवशी माझ्याकडं असं बघितलं की आता खूश आहेस ना. खूश नव्हते. रिझल्ट मीही तीन-तीनदा उघडून बघितला, खोटं कशाला सांगू. पण मी मागं फिरले नाही.

आईला भाऊ येऊन घेऊन गेला. ती आहे अजून, गोळ्या खाते, म्हशी विकल्या, जिना चढत नाही. इरा तिच्याशी रविवारी फोनवर बोलते, मी गेले होते म्हणायच्या ऐवजी ती मी गेला होता शाळेत म्हणते, आई तिला दुरुस्त करते आणि दोघी हसतात. त्या मंगळवाराबद्दल इरा एकदाच बोलली माझ्याशी. म्हणाली, आय किल्ड हाफ हर हार्ट, राइट? मी तिला गच्च धरलं आणि मराठीतच म्हणलं, नाही बाळा, ते आम्ही मोठ्यांनी केलं, तू नाही, हे मी मरेपर्यंत तुला सांगत राहीन. तिला किती समजलं माहीत नाही. रडली मात्र मोकळी.

राग गेला का म्हणता? नाही गेला. शैलेशवरचा थोडा उतरलाय, तो आता रात्रीचं जेवताना आपणहून मराठीत बोलतो, तेवढं चालतं. त्याचा पास पुन्हा नूतनीकरणाला गेलाय, आला तर राहू, नाही आला तर सामान बांधू, त्याचं मला आता काही वाटेनासं झालंय. स्वतःवरचा तेवढा जात नाही.

पण गेल्या महिन्यात काय झालं ते सांगते नि थांबते. इरा आता चौदाची आहे. फोनच्या कारणावरनं मी तिला काहीतरी बोलले, सतत त्या फोनमध्ये असतेस, खोली बघ कशी झालीय, असलंच. आणि ती उलटली. म्हणाली, आई तू गप बस ना, सारखी कटकट करते, माझं डोकं फिरला आहे. आणि दार आपटलं. शैलेश उठला, म्हणाला, बघ, काय बोलली बघ तुला. मी म्हणलं, बस खाली, तिला काही बोलू नकोस. मी स्वयंपाकघरात गेले, ओट्याला धरून उभी राहिले. डोकं फिरला आहे म्हणाली, फिरलंय म्हणायचं असतं, ते सांगीन नंतर. पोरगी माझ्याशी भांडली हो, डोळे वटारून, एक इंग्लिश शब्द न वापरता, आमच्या आळीतल्या पोरी भांडतात तशी. भांडू दे. तिला शंभर वर्षं आयुष्य मिळो आणि रोज माझ्याशी भांडो.