दारात थांबलेला म्हातारा

हसू नका, पण चूक कोणाची ते मला अजून कळलेलं नाही. माझी नात सायली हिने एकटीने कॉम्प्युटरवरचा गेम बनवला. त्यातला म्हातारा हरवलेली होडी शोधत घरोघर फिरतो. समुद्र अगदी आपल्या मांडवीच्या किनाऱ्यावरचा, पण पुढे काय करायचं ते गेम कुठेच सांगत नाही. लोकांना देण्याआधी तिने मला खेळायला बसवलं.

मी म्हाताऱ्याला एका दाराशी नेलं आणि थांबलो. तिचा चेहरा पडला.

"आबा, गेम अडकला?"

"नाही गो. आतून कोणी बोलावलं नाही."

"दार उघडं आहे, जा ना आत!"

"परक्याच्या घरात असा कसा शिरू?"

दुसऱ्या दिवशी गेममधल्या त्याच दारात आतून तिने रात्रीत भरलेला तिचाच आवाज आला, "या आबा, बसा." मी म्हाताऱ्याला आत नेऊन बसवलं आणि थांबलो.

"आता का थांबलात?"

"गूळपाणी यायचंय ना."