मालनच्या नावाचा विमा

साळूबाई : माझ्या लेकीला जाऊन दोन महिने झाले, जावईबापू. मालनच्या विम्याचं पैसं आलंच असत्याल. ते छबूच्या नावावर टाका, न्हाईतर मी नातीला नेवाशाला घिऊन जाते.

गहिनीनाथ : मामी, एक पैसा आला न्हाई. तुमाला खरं वाटंना, म्हनून तर ह्यांना राहुरीवरनं बोलावलं. काकासाहेब, विमा तुमीच उतरवला हुता. सांगा.

काकासाहेब : आजी, पैसे आले नाहीत आणि येणारही नाहीत. विमा गहिनीनाथांच्या जिवाचा आहे.

साळूबाई : आन् हप्तं कुनी भरलं? फाट्यावरच्या हाटेलात दूध घालून मालननं. दुभत्याचा पैसा बाईचा. मंग विमा बी तिचाच.

काकासाहेब : हप्ता कुणीही भरो. पॉलिसीचे मालक गहिनीनाथ, जीवही त्यांचाच. मुदतीच्या आत हे गेले असते तर पैसे मालनबाईंच्या हाती आले असते. नॉमिनी म्हणून त्यांचं नाव होतं, एवढंच.

साळूबाई : म्हंजी ह्यो बाबा मरायला पायजे हुता?

गहिनीनाथ : व्हय मामी. तसंच ठरलं हुतं.

साळूबाई : आन् तिच्या जिवाचा विमा?

गहिनीनाथ : न्हाई उतरवला. मी म्हनलं हुतं, दोघांचा उतरवू. तर म्हनली, मला काय धाड भरलीय?

(काकासाहेब पिशवीतून पॉलिसीचा कागद काढतात.)

काकासाहेब : आता नॉमिनीच्या जागी दुसरं नाव लावावं लागेल.

गहिनीनाथ : ऱ्हाऊ द्या की तिचंच.

काकासाहेब : अहो, गेलेल्या माणसाच्या हाती पैसे कसे देणार?

गहिनीनाथ : मंग छबूचं लावा.

काकासाहेब : ती सात वर्षांची. ती मोठी होईपर्यंत तिच्या वतीनं पैसे घेणारं माणूस नेमावं लागतं. तुमचे भाऊ?

गहिनीनाथ : न्हाई. मामींना नेमा.

साळूबाई : मला? आवो, मी तुमाला चोर समजून आले!

गहिनीनाथ : म्हनूनच. जावयाचं नरडं धरनारी बाई पोरीचा पैसा दुसऱ्या कुनाला खाऊ देती व्हय?

काकासाहेब : इथं अंगठा करा, आजी.

साळूबाई : थांबा. मुदत सरली आन् हे धडधाकट असलं तर?

काकासाहेब : तर पैसे ह्यांचेच. मालक तेच ना.

साळूबाई : मंग छबूला ठिवून जाते. आन् जावईबापू, ते पैसं तुमीच घ्या. पोरीवर घ्यायची पाळी आनू नका.