भालेराव सर आणि ज्येष्ठांची रांग

शालिनीवहिनी, अमोल, आणि सरांसाठी इथवर आलेली आपली सगळी मंडळी,

माईक जरा खाली घेते. हं, आता येतोय आवाज.

कामाचा दिवस आहे. तुम्ही ऑफिसातून लवकर निघून, मेट्रो बदलत, कोणी थेट नोएडाहून, कोणी गुडगावहून या पहाडगंजच्या शाळेपर्यंत आलात. कोणाला काय बोलावं ते सुचत नाहीये, हे मला दिसतंय. मलाही सुचत नाहीये. माझी सगळी नोकरी प्रश्न विचारण्यात गेली. कुठून आलात, कशासाठी आलात, किती दिवस राहणार. उत्तर द्यायची वेळ आमच्यावर कधी यायचीच नाही. काल बसून दोन पानं लिहिली होती. सकाळी वाचली आणि फाडून टाकली. सगळी खोटी वाटली.

मी वंदना तांबे. विमानतळावर, परदेशातून येणाऱ्यांचे पासपोर्ट तपासतात त्या काउंटरवर, मी भालेराव सरांच्या हाताखाली काम शिकले. नंतर बरीच वर्षं त्यांच्या शेजारच्या काउंटरवर बसले. आता मीही रिटायर झालेय, त्यामुळे जे बोलायचं ते मोकळेपणाने बोलते.

सर गेले. अमोलकडे कॅनडात तीन महिने राहून वहिनींबरोबर परत येत होते. विमान उतरलं, आणि पासपोर्टच्या रांगेत उभे असताना सर गेले. ज्या हॉलमध्ये त्यांनी जन्मभर नोकरी केली, त्याच हॉलमध्ये.

सर कसे होते हे या खोलीत कोणाला सांगायला नको, तरी सांगते. साताऱ्याकडचा मुलगा, परीक्षा देऊन दिल्लीत आला, करोल बागेत तिघांत एक खोली करून राहिला. इथेच लग्न, इथेच संसार. घरात मराठी, गेटबाहेर हिंदी, आणि ती हिंदी अशी की भाजीवाला हसून दोन मिरच्या जास्त टाकायचा. महाराष्ट्रातून यूपीएससीसाठी आलेली मुलं रविवारी त्यांच्याकडे जेवायची. त्यातली काही आज मागे बसलीत. कोण कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, हे त्या घरात कोणी विचारलं नाही. विचारलं फक्त एवढंच, की हात धुतले का.

आणि रांग. सरांचं रांगेचं वेड तुम्ही सगळ्यांनी भोगलंय. आपल्या मराठी मंडळाची सहल पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला गेली होती ते आठवतंय ना? स्मारकाला हार घालून झाला, भूक लागलेली, आणि सरांनी जेवणाच्या पाकिटांसाठी आम्हाला रांगेत उभं केलं. कुलकर्णी काकू म्हणाल्या, "अहो भालेराव, आपलीच माणसं आहेत, घेऊ द्या की हाताने." तर म्हणाले, "आपल्याच माणसांना तर शिस्त लावायची असते." स्वतः शेवटी उभे राहिले. त्यांचा नंबर येईपर्यंत पुऱ्या संपल्या होत्या. नुसती भाजी खाल्ली आणि वर म्हणाले, छान झाली होती. वहिनी दिल्लीपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

आपण हसलो तेव्हा. मीही हसले.

आता कामाचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी नवी होते तेव्हा सरांनी मला पहिली गोष्ट शिकवली, ती ही. म्हणाले, "वंदना, समोर जो उभा आहे त्याच्याकडेच बघायचं. रांगेकडे बघायचं नाही." मी विचारलं, का सर? म्हणाले, "रांग बघितलीस की घाई होते. घाई झाली की चूक होते. तुझ्यासाठी हॉलमध्ये एकच माणूस आहे, काचेपलीकडचा. मागे आरडाओरडा झाला तरी मान वर करायची नाही. मागचं बघायला दुसरी माणसं आहेत." आम्ही सगळ्यांनी तसंच केलं. आम्ही नव्यांना तेच शिकवलं, त्यांनी त्यांच्यानंतरच्यांना शिकवलं. आज तिथे बसलेली पोरं सरांना ओळखतही नाहीत, पण काम सरांच्याच पद्धतीने करतात.

दुसरी गोष्ट ज्येष्ठांच्या रांगेची. म्हातारी माणसं, गरोदर बायका, कडेवर लहान मूल असलेल्या आया, व्हीलचेअरवाले, यांच्यासाठी ती वेगळी रांग. शेवटची कितीतरी वर्षं सर त्याच काउंटरवर होते. आणि तिथे काय काय चालायचं ते मी शेजारी बसून पाहिलंय. धडधाकट माणूस तिकिटाबरोबर व्हीलचेअर मागून घेतो, खुर्चीत बसून सगळ्यांच्या पुढे जातो, शिक्का पडला की खुर्चीतून उठतो आणि आपल्या बॅगा घ्यायला पळत सुटतो. सर म्हणायचे, "आपल्या काउंटरवर रोज लंगडे चालायला लागतात, कोणी आपला फोटो का लावत नाही देवघरात?" पण मनातून त्यांना फार राग यायचा. कारण त्या खुर्च्या मोजक्याच असतात, आणि ज्या म्हातारीला खरंच चालवत नाही ती विमानाच्या दाराशी वाट बघत बसलेली असते. म्हणून सर प्रत्येकाला विचारायचे. शांतपणे, आवाज न चढवता. "खरंच गरज आहे का?" एवढंच. निम्मे लोक मान खाली घालून साध्या रांगेत जायचे.

हा प्रश्न त्यांच्या अंगात मुरला होता. मंडळी, माणूस रिटायर होतो. प्रश्न रिटायर होत नाही.

आता त्या दिवशीचं. हे मला वहिनींनी सांगितलंय, आणि त्यांच्या परवानगीनेच सांगते.

निघताना अमोल म्हणाला होता, "बाबा, तुमच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवतो." सर म्हणाले, "मला पाय आहेत." अमोल म्हणाला, बरं, मग आता ती नवीन यंत्रं आलीत, आधी नाव नोंदवलं की पासपोर्ट ठेवायचा आणि दार आपोआप उघडतं, रांग नाही, काही नाही, तेवढं तरी करा. तर म्हणाले, "मी माझ्या देशात परत येतोय. माझ्या तोंडाकडे कोणीतरी माणसाने बघू दे."

विमानातच त्यांना बरं वाटत नव्हतं. जेवले नाहीत. वहिनींना म्हणाले, ॲसिडिटी आहे. उतरल्यावर तो लांबच्या लांब रस्ता चालले, मध्ये दोनदा थांबले, आणि थांबल्यावर भिंतीवरच्या जाहिराती बघतोय असं दाखवलं. हॉलमध्ये आले तर गर्दी ही. एकामागून एक विमानं उतरलेली. वहिनी म्हणाल्या, "अहो, ती बघा आपली रांग, तिकडे माणसं कमी आहेत, चला." सरांनी त्या रांगेकडे बघितलं. तिथे एक बाई होती तान्हं मूल घेऊन, एक आजोबा होते वाकलेले, खुर्चीत बसलेली एक मावशी होती. आणि सर म्हणाले, "ती रांग ज्यांना उभं राहवत नाही त्यांच्यासाठी आहे, शालू. मला राहवतंय."

मी गेले कित्येक दिवस हे वाक्य डोक्यात घेऊन फिरतेय. वयाने त्यांचा हक्क होता. कोणी काही म्हणालं नसतं. दुसरा कुठलाही माणूस गेला असता, तुम्ही गेला असतात, मी गेले असते. पण सरांनी स्वतःलाच विचारलं, खरंच गरज आहे का? छातीत कळ येत होती, शर्ट घामाने भिजला होता, आणि तरी त्यांचा स्वतःवर विश्वास बसला नाही. इतकी वर्षं खोटी दुखणी पाहिली होती ना. स्वतःचं दुखणंही त्यांना खोटंच वाटलं. त्यांनी स्वतःला साध्या रांगेत परत पाठवलं.

रांग हळूहळू सरकत होती. मागचा एक सरदारजी म्हणाला, "अंकल, आप बैठ जाओ, मैं जगह रखता हूँ." सर म्हणाले, "बिल्कुल ठीक हूँ जी." मग काउंटर जवळ आले. पुढे थोडेच लोक राहिले होते. तेव्हा त्यांनी वहिनींच्या खांद्यावर हात ठेवला. वहिनी म्हणतात, एवढ्या वर्षांच्या संसारात चारचौघांत यांनी कधी माझ्या खांद्यावर हात ठेवला नव्हता, तेव्हाच मला कळलं.

वहिनींनी काउंटरवरच्या मुलाला हात केला. "भैया" म्हणून हाक मारली. त्याने मान वर केली नाही. परत मारली, मोठ्याने. त्याने समोरच्याचा पासपोर्ट बघितला, चेहरा बघितला, पुन्हा पासपोर्ट बघितला. सर खाली बसले, मग आडवे झाले. सरदारजी धावला, लोक ओरडले, वर्दीतली माणसं आली, डॉक्टरही आला. तोवर संपलं होतं.

कोणाचं चुकलं? मी फार शोधलं. मला एखादं नाव हवं होतं, ज्याच्यावर चिडता येईल, ज्याच्याविरुद्ध अर्ज करता येईल. सापडलं नाही. ज्येष्ठांची रांग होती. डॉक्टर होता. खुर्ची होती. तो मुलगा नियमाने काम करत होता. सगळं होतं, सगळं जागच्या जागी होतं, आणि आमचा माणूस गेला. उद्या त्याच हॉलमध्ये तीच गर्दी असेल. आत्ता, मी बोलतेय तेव्हाही आहे. काही बदलणार नाही. बदलेल असं खोटं मी तुम्हाला सांगणार नाही.

अमोल दुसऱ्या दिवशी आला. त्याच हॉलमधून. दुसरा रस्ताच नाही. त्याच्याकडे आता तिकडचा पासपोर्ट आहे, म्हणून तो परदेशी लोकांच्या रांगेत. त्याने कोणाला काही सांगितलं नाही, की माझे वडील काल इथे गेले, मला पुढे सोडा. त्यांचाच मुलगा. उभा राहिला. नंबर आल्यावर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, किसलिए आए हैं? अमोलला उत्तर देता आलं नाही. ती बिचारी वाट बघत राहिली. तिला उत्तर नोंदवायचं होतं.

गेले काही दिवस वहिनींकडे माणसं येतायत. सगळी मायेनेच बोलतात. भाग्यवान, हाल झाले नाहीत. आपल्या मातीत येऊन गेले. वहिनी ऐकून घेतात आणि चहा विचारतात. परवा मी स्वयंपाकघरात कप विसळत होते. वहिनी माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वंदना, तू यांच्या शेजारी बसायचीस. मला खरं सांग. त्या काउंटरवर त्या मुलाच्या जागी हे असते, आणि मी हाक मारली असती, तर यांनी मान वर केली असती का?"

मी नळ बंद केला. 

वहिनी म्हणाल्या, "आत्ता नको सांगूस. सभेत सांग. सगळे मला बरं वाटावं म्हणून बोलतायत. एकाने तरी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यावं, आणि ते सगळ्यांनी ऐकावं. नाहीतर मी रात्रंदिवस त्या पोराला शिव्या घालत बसेन, आणि ते यांना आवडणार नाही."

तर मी आज श्रद्धांजली वाहायला उभी राहिलेली नाही. उत्तर द्यायला उभी आहे.

वहिनी, तुम्हाला 'हो' ऐकायचं असेल तर मी ते म्हणू शकते. इथे बसलेल्या कोणालाही कळणार नाही. सर दयाळू होते, हे खरंच आहे. काउंटरवरून उठल्यावर ते तुमच्यासाठी धावत आले असते. डॉक्टर बोलावला असता, स्वतः उचलून नेलं असतं, घरी येऊन जेवले नसते. पण काउंटरवर बसलेले असताना, समोर एक माणूस उभा असताना, रांगेतून एका बाईने हाक मारली असती, तर?

नाही, वहिनी. सरांनी मान वर केली नसती.

मी त्यांच्या शेजारी बसत होते. मला माहीत आहे.

तो मुलगा वाईट नव्हता. सर वाईट नव्हते. दोघंही चांगलं काम करत होते, आणि चांगल्या कामाने माणूस वाचतोच असं नाही. याच्यापुढे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. देव चांगल्यांना लवकर नेतो वगैरे मला म्हणता येत नाही. मला फक्त माझे सर हवे आहेत, आणि ते मिळणार नाहीत.

आता आपण दोन मिनिटं शांत राहू या. अशा वेळी उभं राहायची पद्धत आहे, आत्ताच काही जण खुर्च्या मागे सारायला लागलेत. मी हात जोडून विनंती करते, कोणी उठू नका. जे मागे उभे आहेत त्यांनी खाली सतरंजीवर बसून घ्यावं. थकला असाल तर भिंतीला टेका. गरज आहे की नाही, हे कोणी कोणाला विचारणार नाही. स्वतःलाही विचारू नका.

सर, आम्ही बसलोय. तुम्हीही बसा आता.